रंगीत तालीम

इतिहासाच्या पुस्तकांतली काही वाक्यं अगदी ठरलेली असतात. पिढ्या बदलतात, अभ्यासक्रम बदलतात, मुखपृष्ठं बदलतात, पण ही वाक्यं आपली जागा सोडत नाहीत. 'व्हर्सायच्या तहात दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती' हे त्यातलं एक. आणि दुसरं, 'स्पेनमधील यादवी युद्ध ही दुसऱ्या महायुद्धाची रंगीत तालीम होती'. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हे दुसरं वाक्य मुलांच्या फार लवकर लक्षात राहायचं. एक तर ते छोटं आहे, आणि दुसरं म्हणजे गॅदरिंगमुळे रंगीत तालीम म्हणजे काय हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. खरे कपडे, खरा मेकअप, खरे संवाद... फक्त तिकीट काढून आलेले प्रेक्षक तेवढे नसतात.

आज या 'तालीम' शब्दाबद्दल लिहायचं आहे. आणि थोडंसं बटाट्याबद्दलही. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तो पुढे येईलच.

झालं असं, की २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघी मैत्रिणी स्पेनला गेलो होतो. चौघीही निवृत्त शिक्षिका. एक चित्रकलेची, एक गणिताची, एक हिंदीची आणि मी इतिहासाची. चौघींच्या वयाची बेरीज २९६ होते (हा हिशोब अर्थातच गणिताच्या बाईंनी विमानात बसल्याबसल्या केला). माझी भाची नोकरीनिमित्त माद्रिदला राहते. ती गेली चार वर्षं "मावशी, गुडघे चालताहेत तोवर येऊन जा" म्हणून मागे लागली होती. शेवटी गुडघ्यांना विचारून तिकिटं काढली.

माद्रिदमध्ये काय काय पाहायचं याची प्रत्येकीची यादी वेगळी होती, पण एक नाव चारही याद्यांत होतं. रेइना सोफिया, म्हणजे राणी सोफियाच्या नावाचं आधुनिक कलेचं संग्रहालय. अतोचा रेल्वे स्टेशनाजवळच ते आहे. आधुनिक कला म्हटल्यावर मी काचेची, वेडीवाकडी इमारत डोळ्यांसमोर आणली होती. प्रत्यक्षात ते निघालं अठराव्या शतकातलं जुनं सार्वजनिक रुग्णालय! जाड दगडी भिंती, कमानींचे लांबच लांब व्हरांडे आणि मध्ये झाडांचा चौक. पुण्याच्या ससूनची जुनी इमारत ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल. बाहेरच्या बाजूने काचेच्या लिफ्ट तेवढ्या नव्या बसवल्या आहेत. ज्या दालनांत एकेकाळी खाटा होत्या, तिथे आता चित्रं आहेत.

आणि तिथेच पिकासोचं 'गेर्निका' आहे.

आकडे सांगून चित्र कळत नाही हे खरं, तरी सांगते. साडेतीन मीटर उंच आणि जवळजवळ पावणेआठ मीटर लांब. शाळेच्या वर्गाची फळ्याकडची अख्खी भिंत, असं समजा. डावीकडे एक बैल उभा आहे आणि त्याच्याखाली मेलेलं मूल मांडीवर घेऊन आकाशाकडे तोंड करून ओरडणारी आई. मध्यभागी जखमी घोडा. त्याच्या पायांशी आडवा पडलेला माणूस, हातात मोडकी तलवार आणि तिच्याजवळ एक लहानसं फूल. वर विजेचा दिवा, एखाद्या डोळ्यासारखा. खिडकीतून हातात दिवा घेऊन बाहेर वाकलेली एक बाई. उजव्या टोकाला जळत्या घरात दोन्ही हात वर केलेली दुसरी. सगळ्या चित्रात विमान कुठेही नाही, बॉम्ब नाही, सैन्याचा गणवेश नाही.

पूर्वी या दालनात फोटो काढायला बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली. त्यामुळे समोर फोनच फोन होते. पण गंमत म्हणजे फोटो काढून झाल्यावरही माणसं हलत नव्हती. गणिताच्या बाईंनी विचारलं, "अगं, पण बैल कशासाठी?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "पिकासोला लोकांनी जन्मभर हेच विचारलं. त्याने काही धड सांगितलं नाही." मग बराच वेळ त्या स्वतःही गप्प उभ्या राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "रंग बघ. काळा, पांढरा आणि करडा. बाकी काही नाही."

तेव्हा मला ते पुस्तकातलं वाक्य आठवलं. ज्याला आपण रंगीत तालीम म्हणतो, त्याचं चित्र काढताना जगातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकाराने रंगच बाजूला ठेवले होते.

आता थोडा इतिहास. (सवय जात नाही, माफ करा!)

गेर्निका हे उत्तर स्पेनमधलं बास्क लोकांचं गाव. आकाराने तालुक्याच्या गावाएवढंच, पण मान मोठा. तिथे एक ओकचा वृक्ष आहे. त्या वृक्षाखाली परंपरेने त्या प्रांताची सभा भरायची आणि राजेलोक तिथे येऊन 'तुमचे हक्क आम्ही पाळू' अशी शपथ घ्यायचे. १९३६ च्या जुलैत जनरल फ्रँको आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी सुरू झाली. फ्रँकोच्या मदतीला हिटलरने 'काँडोर लीजन' नावाचं हवाई पथक पाठवलं, मुसोलिनीनेही विमानं आणि माणसं पाठवली.

२६ एप्रिल १९३७. सोमवार. सोमवार हा गेर्निकाच्या बाजाराचा वार. आठवडी बाजार म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी गावात उतरत. शिवाय युद्धामुळे घर सोडून आलेले निर्वासित गावात होतेच. दुपारी साडेचारच्या सुमाराला पहिलं विमान आलं. मग तीन तासांहून अधिक वेळ विमानांच्या लाटा येत राहिल्या. आधी स्फोटक बॉम्ब, मग आग लावणारे बॉम्ब. शेतांतून पळणाऱ्या माणसांवर खाली उतरून मशीनगनचा मारा. गावाचा बहुतेक भाग जळून गेला. नदीवरचा पूल मात्र शाबूत राहिला, शस्त्रांचा कारखाना राहिला, आणि तो ओकचा वृक्षही राहिला. किती माणसं गेली यावर आजही एकमत नाही. त्या वेळच्या बास्क सरकारने सोळाशेच्या वर आकडा दिला होता. आजचे बरेच अभ्यासक तो काही शेकड्यांत धरतात. गाव जळत असताना आणि तीनच दिवसांत शत्रूच्या हातात जात असताना मृतांची मोजदाद कोण ठेवणार?

पुढे १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात हिटलरचा हवाईदलप्रमुख गोअरिंग याने साक्ष देताना सरळ सांगितलं, की आपलं तरुण हवाई दल प्रत्यक्ष लढाईत तपासून पाहण्याची संधी म्हणूनही आपण स्पेनकडे पाहिलं होतं. विमानं, बॉम्ब, वैमानिक सगळं तिथे पारखून घेता आलं.

म्हणजे बघा, 'तालीम' हा शब्द कुणाच्या बाजूचा आहे. तो विमानात बसलेल्याच्या बाजूचा आहे. खाली बाजारात कोबीचे गड्डे मांडून बसलेल्या बाईच्या दृष्टीने ती तालीम नव्हती. तिचा तोच खेळ पहिला आणि तोच शेवटचा. पण सत्तर-ऐंशी वर्षं लोटली तरी जगभरची पुस्तकं या देशाचं दुःख 'पुढे येणाऱ्या मोठ्या गोष्टीची पूर्वतयारी' म्हणूनच मांडतात. इतिहास लिहिताना नेहमी मागून पुढे पाहिलं जातं, त्याचा हा तोटा. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून आधीचं सगळं त्याची प्रस्तावना वाटू लागतं.

गेर्निकाची बातमी जगाला कळली ती जॉर्ज स्टीअर या 'टाइम्स'च्या वार्ताहरामुळे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला अवघा सत्तावीस वर्षांचा हा तरुण त्याच रात्री जळत्या गावात पोहोचला. लोकांशी बोलला, न फुटलेल्या बॉम्बवरचे जर्मन शिक्के त्याने स्वतः पाहिले आणि २८ एप्रिलला त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये छापून आला. (हा स्टीअर पुढे दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आला होता. २५ डिसेंबर १९४४ रोजी बंगालमध्ये जीपच्या अपघातात तो गेला. आपल्या मातीत त्याचा शेवट झाला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.)

पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता. त्या वर्षी पॅरिसला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचं होतं आणि स्पेनच्या सरकारने आपल्या दालनासाठी एक भलंमोठं चित्र काढून द्यायला त्याला जानेवारीतच सांगितलं होतं. एप्रिल उजाडला तरी त्याचं काही जमत नव्हतं. चित्रकार आणि त्याची मॉडेल असा काहीतरी विषय तो घोळवत होता. वर्तमानपत्रांत गेर्निका आलं आणि १ मे रोजी त्याने पहिलं रेखाटन केलं. जूनच्या सुरुवातीला चित्र पुरं झालं होतं. जेमतेम पाच आठवडे! त्याची मैत्रीण दोरा मार हिने चित्राच्या एकेका टप्प्याचे फोटो काढून ठेवले. ते फोटोही संग्रहालयात पाहायला मिळतात. वर्तमानपत्रात आलेली बातमी वर्तमानपत्राच्याच काळ्या-पांढऱ्यात उतरली, असं चित्रकलेच्या बाईंचं म्हणणं. मला ते पटलं.

फ्रँकोच्या बाजूने लगेच खुलासा झाला. आमच्या विमानांनी काही केलेलं नाही, माघार घेणाऱ्या बास्क लोकांनीच आपलं गाव पेटवून दिलं! आणि हा खुलासा चार दिवसांपुरता नव्हता. फ्रँको युद्ध जिंकला, १९३९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, त्याने राज्य केलं आणि जवळजवळ तेवढा सगळा काळ स्पेनमध्ये हीच गोष्ट कमीअधिक फरकाने सांगितली गेली. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडला त्यांनाच 'तुम्ही काडी लावलीत' असं सांगायचं. हर्बर्ट साउथवर्थ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या खोट्याची गाठ धागा-धागा सोडवून पुस्तक लिहिलं, पण तेही १९७५ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध करावं लागलं.

या काळात चित्र कुठे होतं? परदेशात. स्पेनमधल्या लोकांच्या मदतीसाठी पैसे आणि सहानुभूती गोळा करत ते गावोगाव फिरलं. १९३९ च्या जानेवारीत लंडनच्या कामगार वस्तीतल्या व्हाइटचॅपल गॅलरीत ते लागलं तेव्हा लोक आघाडीवरच्या सैनिकांसाठी बुटांचे जोड आणून चित्राखाली ठेवत होते. त्याच वर्षी ते अमेरिकेत गेलं. तोवर स्पेनमधलं सरकार पडलं होतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते राहिलं, ते थेट १९८१ पर्यंत. मधे साठच्या दशकाच्या अखेरीला फ्रँकोच्या सरकारनेही 'आमचं चित्र आम्हाला द्या' म्हणून हालचाल करून पाहिली. पिकासोची अट अशी, की स्पेनमध्ये लोकांचं स्वातंत्र्य परत येईल तेव्हाच चित्र तिकडे जाईल. तो स्वतः १९७३ मध्ये गेला. त्यालाही शेवटपर्यंत स्पेनचं पुन्हा दर्शन झालं नाही.

१९७८ मध्ये स्पेनची नवी राज्यघटना झाली. १० सप्टेंबर १९८१ रोजी चित्र माद्रिदला उतरलं, तेही साध्या प्रवासी विमानातून. आपल्याबरोबर कोण प्रवास करत होतं हे प्रवाशांना उतरल्यावर कळलं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नागरी रक्षक दलातल्या एका अधिकाऱ्याने संसदेत घुसून पिस्तूल रोखलं होतं. बंड फसलं. आणि ऑक्टोबरात चित्र लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याच दलाचे जवान जाड काचेच्या पेटीजवळ बंदुका घेऊन पहाऱ्याला उभे होते! १९९२ मध्ये चित्र रेइना सोफियात आलं, १९९५ मध्ये काच काढली. आता त्याच्या आणि आपल्यामध्ये काही फुटांचं अंतर आणि एक-दोन रखवालदार, एवढंच.

बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजले होते. आपल्याकडे ही वेळ वामकुक्षीची, तिथे जेवायला बसायची. भाचीने जवळच्याच गल्लीत एका जुन्या खाणावळवजा बारमध्ये टेबल सांगून ठेवलं होतं. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई तिथे येऊन बसल्या होत्या. वय ८६, जन्म १९३८ चा, म्हणजे ऐन युद्धातला. आजी म्हणावं तर त्या आमच्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठ्या. म्हणून आम्ही ताई म्हणायला लागलो. अर्थ सांगितल्यावर त्या खूश झाल्या. त्यांचं स्पॅनिश आणि आमचं मराठी, दोन्हीकडचा दुभाषी म्हणजे भाची. बिचारीचं जेवण निवून गेलं.

स्पेनमध्ये थोडंथोडं पुष्कळ मागवायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं अशी पद्धत आहे. आमच्यातल्या हिंदीच्या बाई माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. त्यांचं इथे कसं व्हायचं ही काळजी होती, पण त्यांची चंगळ झाली. भाजलेल्या पावावर लसूण आणि टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल, पालक घातलेले छोले, आणि तेलात परतून खडं मीठ भुरभुरलेल्या पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या. या मिरच्या बहुतेक गोड्या असतात, पण एखादी चांगलीच तिखट निघते. ती नेमकी कुणाच्या वाट्याला येते यावर तिथे थट्टा चालते. आमच्याकडे ती हिंदीच्या बाईंच्याच वाट्याला आली आणि त्या म्हणाल्या, "चला, घरची आठवण झाली." बाकीच्या दोघींनी तळलेल्या माकुळाचा पाव मागवला. समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहराचा हा वडापावच म्हणायचा.

आणि मध्यभागी आलं ते 'तोर्तिया'. बटाट्याचे पातळ काप ऑलिव्हच्या तेलात मऊ शिजवून, फेटलेल्या अंड्यात घालून केलेलं, थालीपिठाएवढं पण चांगलं जाडजूड ऑम्लेट. त्यात कांदा घालायचा की नाही यावर स्पेनमध्ये दोन तट आहेत, जसं आपल्याकडे पुरण गुळाचं की साखरेचं. बटाट्याला ते 'पाताता' म्हणतात. पोर्तुगीजांचा 'बताता' आपल्याकडे आला आणि आपण मराठी माणसांनी त्याचा बटाटा केला. उत्तरेकडे आलू, इथे बटाटा. अमेरिका खंडातून निघालेला एक कंद आणि त्याचं नाव, असे दोन टोकांना दोन घरांत जाऊन बसले. हे मी सांगितल्यावर ताई हसल्या, आणि तोर्तियाचा तुकडा काट्यावर धरून म्हणाल्या, "माझी आई हे बटाट्याशिवाय करायची. आणि अंड्याशिवायसुद्धा."

आम्हाला वाटलं, भाची सांगताना काहीतरी चुकली. पण नाही. युद्ध संपल्यावर स्पेनमध्ये १९३९ पासून १९५२ पर्यंत रेशनिंग होतं. तेल, साखर, पाव, सगळं कार्डावर आणि तेही पुरेसं नाही. बाकीचं काळ्या बाजारात. त्या वर्षांना तिथले लोक 'भुकेची वर्षं' म्हणतात. तेव्हा आई संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा भाग सोडवून घ्यायची, पाण्यात भिजवायची, बटाट्याच्या कापांसारखा कापून तळायची आणि अंड्याऐवजी पीठ, पाणी आणि चिमूटभर सोडा कालवून त्यात घालायची. दिसायला हुबेहूब तोर्तिया. "चव?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "आम्हा मुलांना खरी कुठे ठाऊक होती? आम्हाला तीच खरी वाटायची."

परत आल्यावर मी याबद्दल वाचलं. ही त्यांच्या आईचीच युक्ती होती असं नाही. इग्नासी दोमेनेक नावाच्या नामांकित बल्लवाचार्यांनी बार्सिलोनात युद्धाच्या काळात टंचाईच्या स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं आणि ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ही कृती व्यवस्थित दिलेली आहे. मला ते पुस्तक गेर्निकाच्या चित्राइतकंच इतिहासाचं साधन वाटतं. राजाज्ञा, तह, जाहीरनामे यांतून जे कळत नाही ते अशा पाककृतीतून कळतं.

ताईंनी आणखी एक सांगितलं. खेड्यातून त्यांच्याकडे 'आल्मोर्ता' नावाच्या डाळीचं पीठ यायचं. लसूण आणि लाल मिरचीची पूड घालून त्याचा पिठल्यासारखा पदार्थ करायचा. त्यावर दिवस काढले. पण रोज तेच खाऊन कित्येकांचे पाय लुळे पडले. १९४४ मध्ये सरकारने ती डाळ माणसांनी खाण्यावर बंदी घातली. भाचीने फोनवर त्या रोपाचा फोटो काढून दाखवला, निळसर फुलं, चपट्या शेंगा. गणिताच्या बाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं. त्या एकदम ओरडल्या, "अगं, ही तर आमची लाखोळी!" आणि खरंच तीच निघाली. तीच लाखेची डाळ. तिच्यामुळे पाय जातात म्हणून १९६१ मध्ये आपल्याकडेही तिच्या विक्रीवर बंदी आली होती. दुष्काळात दुसरं काही येत नाही तेव्हा ही येते, म्हणून ती गरिबाच्या ताटात असते, मग ते ताट विदर्भातलं असो की स्पेनमधलं. गोया या थोर स्पॅनिश चित्रकाराने १८११-१२ च्या माद्रिदमधल्या उपासमारीवर जी चित्रं कोरली, त्यांतल्या एकाचं नावच 'आल्मोर्ताची कृपा' अशा अर्थाचं आहे. लोक वाडगे घेऊन त्या पिठल्याभोवती दाटले आहेत.

टेबलाशी थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ताईंनीच सांगितलं, की सत्तरच्या दशकात त्यांच्या घरात भिंतीवर गेर्निकाची छापील प्रत लावलेली होती. अनेक घरांत असायची. कुणी विचारलं तर म्हणायचं, आम्हाला आधुनिक कला आवडते. जे बोलता येत नव्हतं ते भिंतीवर टांगता येत होतं.

इथे मला आपल्याकडची काही माणसं आठवतात, ज्यांना तेव्हाही ही तालीम वाटली नव्हती. १९३८ च्या जूनमध्ये जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनाला गेले आणि पाच दिवस राहिले, रात्री हवाई हल्ले होत असताना. डॉ. अटल स्पेनमध्ये जखमींवर उपचार करून आले आणि त्याच वर्षी चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले. या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, पण तिचं एक टोक स्पेनमध्ये आहे हे कुणी सांगत नाही. आणि नागपूरचेच गोपाळ मुकुंद हुद्दार. लंडनला शिकायला गेलेला हा मराठी माणूस 'जॉन स्मिथ' असं नाव घेऊन आंतरराष्ट्रीय पथकात दाखल झाला. १९३८ च्या एप्रिलमध्ये तो फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडला, काही महिने एका जुन्या मठातल्या तुरुंगछावणीत राहिला आणि सुटून त्याच वर्षाच्या अखेरीला मायदेशी परतला. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी! त्याच्यापुढे पुढचं महायुद्ध नव्हतं. समोर जे चाललं होतं तेच त्याला पुरेसं होतं.

कबुली यायला मात्र फार वेळ लागला. १९९७ मध्ये, साठ वर्षांनी, जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रोमान हर्झोग यांनी गेर्निकातल्या वाचलेल्या लोकांना उद्देशून पत्र लिहून जर्मन विमानांचा दोष स्पष्ट शब्दांत मान्य केला. तोवर त्या दिवशीची मुलं म्हातारी झाली होती. आणि ज्यांना असं वाटतं की आता हे जुनं झालं, त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर या चित्राची विणलेली प्रत १९८५ पासून लावलेली होती. ५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकविरुद्ध कारवाईची बाजू मांडायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री तिथे आले तेव्हा त्या प्रतीवर निळा पडदा ओढलेला होता. कारण सांगितलं गेलं ते दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांच्या सोयीचं. असेलही. पण युद्धाची भाषा बोलायच्या दिवशी ते चित्र मागे दिसू नये असं कुणाला वाटलं असेल, तर त्याला ते चित्र बरोबर कळलं होतं, एवढंच मी म्हणेन.

त्या वाक्याचं मग काय करायचं? पुस्तकातून काढून टाका असं मी म्हणत नाही. स्पेनमध्ये जे पारखलं ते पुढे वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्रीवर वापरलं गेलं, हे खरंच आहे. पण ते वाक्य एकटं ठेवू नये. माझ्या शेजारचा दहावीतला मुलगा अधूनमधून इतिहासाच्या शंका घेऊन येतो. त्याला मी तारीख सांगते तेव्हा आता वारही सांगते. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. आणि मग ती संत्र्याच्या सालीची गोष्ट सांगते. तारीख तो विसरेल, पण ती साल विसरत नाही असा माझा अनुभव आहे.

असो. तुमच्यापैकी कुणी माद्रिदला गेलात तर मंगळवार सोडून जा, मंगळवारी संग्रहालय बंद असतं. घाईने चित्रामागून चित्रं पाहू नका. त्या एका दालनात अर्धा तास काढा. आणि मग बाहेर येऊन कुठल्याही साध्या बारमध्ये गरमगरम तोर्तिया मागवा. त्यात खरा बटाटा असेल आणि खरं अंडं असेल. तोर्तिया फार चविष्ट असतं, अगदी मनापासून खा. ताईंनी त्या दिवशी आपल्या ताटलीतलं शेवटचं तेलसुद्धा पावाने टिपून घेतलं होतं.